ट्रकमध्ये मावेल एवढा संसार

बदलीच्या नोकरीतल्या माणसाच्या घरात लाकडी सामान कसे आहे, हे पाहायचे असेल तर त्याच्या दिवाणखान्यात जाऊ नये. त्याच्या ट्रकमागे उभे राहावे. दिवाणखान्यात पडदे, अभ्रे आणि विणलेले रुमाल मिळून त्याची अब्रू झाकीत असतात. ट्रकमध्ये मात्र सारे उघडे पडते. कपाटाचा वाकलेला पाय, सुतळीने आवळलेली वेताची खुर्ची, पलंगाच्या फळीवर निरनिराळ्या गावांत निरनिराळ्या खडूंनी घातलेले नगांचे आकडे, हे सारे भर रस्त्यात शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या डोळ्यांसमोर येते. माझा संसार असा सात वेळा ट्रकमध्ये चढला आणि सात वेळा उतरला. सातव्या खेपेस तो रायपुरात उतरला.

सातव्या वेतन आयोगानंतर २०१७ साली जे नियम निघाले, त्यांनी माझ्यासारख्या अधिकाऱ्याला बदलीच्या वेळी सहा हजार किलो सामान सरकारी खर्चाने नेण्याची मुभा दिली. शिवाय मूळ पगाराच्या ऐंशी टक्के इतके बदली-अनुदानही दिले. सहा हजार किलो! आमचे सारे चंबूगबाळे या आकड्याच्या निम्म्यालाही कधी पोहोचले नाही. सरकारने मुभा दिली, पण आम्हीच भ्यालो. कोणतीही वस्तू घ्यायची म्हटली की घरात एकच वाक्य उच्चारले जाई : "बदली होऊन जाऊ दे, मग पाहू." या वाक्याच्या आधारावर आम्ही तीस वर्षे घडीच्या टेबलावर जेवलो. घरात भक्कम म्हणावे असे एकच, वडिलांनी घेतलेले गोदरेजचे कपाट. ही पोलादी कपाटे त्या कारखान्यात १९२३ पासून तयार होऊ लागली. आमचे कपाट सात गावे हिंडले असले तरी आमची स्थावर मालमत्ता म्हणून दाखवावे असे तेच एक!

रायपूरला आलो तेव्हा निवृत्तीस तीन वर्षे उरली होती. हे गाव मराठी माणसाला अगदीच परके नाही. नागपूरकर भोसल्यांच्या अमलाच्या खुणा येथे अजून सापडतात. तात्यापारा हे मोहल्ल्याचे नाव कानी पडले की मन क्षणभर थबकते. आणि चौबे कॉलनीतल्या महाराष्ट्र मंडळात गेले की चार ओळखीचे सूर ऐकू येतात. पण १ नोव्हेंबर २००० रोजी ते राजधानीचे शहर झाले आणि त्याच्या अंगावर नवे बाळसे चढले. रस्ते रुंद झाले, रस्त्यांच्या कडेने चार-चार मजली दुकाने उभी राहिली. सौ. एके दिवशी अशाच एका दुकानाच्या काचेसमोर थांबली आणि म्हणाली, "अहो, आता तरी घर मांडू या. निदान एक जेवणाचे टेबल घेऊ या."

आम्ही टेबल घ्यायला गेलो तो रविवार होता, वेळ संध्याकाळची, आणि दसऱ्याच्या आधीचा सेल चालू होता. या तीन चुका एकाच वाक्यात सांगता आल्या, पण त्या वेळी त्यांपैकी एकही चूक आहे असे आम्हांस वाटले नाही. आत शिरताच गार वाऱ्याने आमचे स्वागत केले. मग एकामागून एक खोल्या लागल्या. खोल्या म्हणजे तीन भिंतींचे देखावे. चौथी भिंत आमच्यासाठी काढून ठेवलेली. प्रत्येक खोलीत मंद दिवा, काचेच्या भांड्यात प्लास्टिकची फळे, आणि फळीवर आतून पोकळ असलेली पुस्तके. त्या खोल्यांत रद्दीचा गठ्ठा नव्हता, ओला टॉवेल नव्हता, गोळ्यांच्या पाकिटांनी भरलेला डबा नव्हता. तेथे कोणी राहतच नव्हते, म्हणून त्या इतक्या सुंदर होत्या. आणि गंमत अशी की, ती न राहणारी माणसे आपणच आहोत असा भास आम्हां दोघांनाही होऊ लागला.

दोन तासांत आमचे पाय भरून आले. पाय भरून आले म्हणून आम्ही एका सोफ्यावर टेकलो. आणि त्या सोफ्याच्या किमतीची चिठ्ठी नेमकी माझ्या डोळ्यांसमोर आली. एक लाख वीस हजार हा आकडा लाल रेघेने खोडला होता आणि खाली अठ्ठ्याहत्तर हजार लिहिले होते. मी आयुष्यभर दुसऱ्यांची हिशेबाची पाने तपासली; पण त्या क्षणी माझ्या मनाने बेचाळीस हजार रुपयांची जी बचत जमेस धरली, तिला कोणत्याही लेखापरीक्षकाने आक्षेप घेतला असता. जे पैसे खर्च करण्याचा आपला विचारच नव्हता, ते वाचले कसे? पण हा प्रश्न त्या गार हवेत सुचत नाही. टेबल घ्यायला गेलेलो आम्ही काटकोनी सोफ्याची आगाऊ रक्कम भरून घरी आलो.

सोफा आला गुरुवारी. आमचे क्वार्टर दुसऱ्या मजल्यावर. पहिल्या मजल्याच्या वळणावर सोफा अडला तो अडलाच. चार हमालांनी तो उभा केला, आडवा केला, तिरका केला. शेजाऱ्यांनी आपापल्या परीने सल्ले दिले. अखेर रेटारेटीत जिन्यावरच्या दाराच्या चौकटीचा ढलपा निघाला आणि सोफा आल्या वाटेने परत गेला. जाण्यायेण्याचे भाडे आणि परतीची कपात मिळून काही हजार रुपये त्याच्याबरोबर गेले. दोष दुकानाचा म्हणवत नाही. सारे पावतीच्या मागे बारीक अक्षरांत छापलेले होते. मी ते वाचले नव्हते, एवढेच.

त्यानंतर दोन दिवस घरात कामापुरते बोलणे चालले. तिसऱ्या दिवशी मी हिशेबाच्या सुरात म्हणालो, "नाहीतरी आपण दोघेच. घडीचे टेबल काय वाईट आहे?"

सौ. भाजी निवडीत होती. मान वर न करता ती म्हणाली, "तीस वर्षे मी ऐकले की पुढच्या गावी घेऊ. मुले त्या घडीच्या टेबलावर आळीपाळीने जेवली. आधी ती, मग तुम्ही, मग मी. सगळे एका वेळी कधी बसलो, सांगा बरे?"

मला सांगता आले नाही. पैशाचा प्रश्न म्हणून मी जो मांडीत होतो, तो पैशाचा नव्हता हे तेव्हा ध्यानात आले. पण तो पैशाचा नव्हता म्हणून पैसे उधळावेत असाही त्याचा अर्थ नव्हे. उलट आता चूक करणे परवडणारे नव्हते.

चौकट दुरुस्त करायला भनपुरीकडचा एक वृद्ध सुतार आला होता. ढलप्याची हकीकत ऐकून तो हसला आणि म्हणाला, "साहब, लोग कमरा नापते हैं. पहले दरवाजा नापिए, फिर सीढ़ी का मोड़, कमरा सबसे बाद में." मग हातातला रंधा खाली ठेवून त्याने आमच्या पुस्तकांच्या फडताळाचा एक स्क्रू फिरवून दाखवला, तो भोकात नुसताच फिरत होता. लाकडाचा चुरा डिंकात दाबून केलेल्या पार्टिकल बोर्डाच्या फळीत स्क्रू पहिल्यांदा घट्ट बसतो, दुसऱ्यांदा कसाबसा बसतो, आणि तिसऱ्यांदा चुरा घेऊन बाहेर येतो. एका जागी राहणाऱ्याला ती फळी वर्षानुवर्षे पुरेल; ज्याला दर तीन वर्षांनी सामान सोडवायचे आहे, त्याला ती स्वस्त पडत नाही. शिवाय तिला पाणी लागले की ती फुगते, आणि रायपूरचा पावसाळा काही लाजरा नव्हे.

सुताराचे बोलणे ऐकताना मला एक जुनी गोष्ट आठवली. आयकिया या स्वीडनच्या प्रसिद्ध दुकानाने २०१८ साली हैदराबादेस आणि २०२० साली नवी मुंबईत आपली दालने उघडली. त्या दुकानाची सारी रीत म्हणे एका टेबलापासून बदलली. १९५० नंतरच्या दशकात गिलिस लुंडग्रेन नावाच्या तेथल्या कारागिराला पानाच्या आकाराचे एक टेबल मोटारीत घालायचे होते. ते मावेना, तेव्हा त्याने त्याचे पाय काढले. पुढे १९५६ पासून सुटे भाग चपट्या खोक्यात घालून विकण्याची पद्धत तेथे रूढ झाली. जगाला ही मोठी युक्ती वाटली. पण बदलीवाल्या कोणत्याही घरातल्या माणसाला विचारा, टेबलाचे पाय काढण्यात त्याचे आयुष्य गेलेले असते!

दुसऱ्या खेपेची तयारी आम्ही घरी बसून केली. ती येथे सांगतो. माझ्या वाचकांपैकी अनेकांना तिचा उपयोग होईल. पहिल्याने मी दार, जिन्याचे वळण आणि खोली या क्रमाने मापे घेऊन कागदावर उतरवली. मग वस्तूंची यादी केली आणि यादीत नसलेल्या वस्तूवर बसायचे नाही, असा ठराव केला. रकमेची मर्यादा चाळीस हजार ठरवली, पण ती वस्तूची नव्हे. वाहतूक, हमाली, जोडणी आणि कर धरून. यादीत आधी पलंगही होता. तो मापाच्या वेळीच गळाला, कारण आमची गादी सहा फूट बाय पाच फूट आणि दुकानातले बहुतेक पलंग साडेसहा बाय सहा फुटांचे. पलंग घेतला की गादी, गादी घेतली की चादरी; एका पलंगापाठोपाठ सारा बिछाना बदलावा लागला असता. आणि प्लायची वस्तू घ्यायची झाल्यास फळीवरचा शिक्का पाहायचा : आय. एस. ३०३ म्हणजे सर्वसाधारण कामाचे प्लाय, आय. एस. ७१० म्हणजे पाण्याला टिकणारे. विक्रेत्याचे आश्वासन हवेत विरते. शिक्का फळीवर राहतो.

यादीत मी 'टेबल, खुर्च्या ४' असे लिहिले होते. सकाळी पाहतो तो चारचे पेन्सिलीने सहा झालेले. मी पुन्हा चार केले. संध्याकाळी पुन्हा सहा. या विषयावर आम्ही एक शब्दही बोललो नाही.

बुधवारी सकाळी, घरून जेवून, आम्ही त्याच दुकानात गेलो. रविवारचे ते दुकान आणि हे दुकान एकच, हे खरे वाटेना. गर्दी नव्हती, विक्रेत्याला वेळ होता, आणि पोट भरलेले असल्यामुळे आम्हालाही घाई नव्हती. सोफ्यांच्या खोल्या आम्ही रेल्वेच्या डब्यातून मधली स्टेशने पाहावीत तशा ओलांडल्या. तिसऱ्या मजल्याच्या कोपऱ्यात, दिव्यांच्या झगमगाटापासून दूर, शिसमाचे एक टेबल उभे होते. सहा फूट लांब, तीन फूट रुंद. एका बाजूला तीन खुर्च्या, दुसऱ्या बाजूला लांब बाक. मी वाकून खालून पाहिले. पाय बोल्टने बसवलेले. पान्याने निघतील असे. प्रदर्शनात उभे राहून त्याच्या एका कडेला चरा पडला होता, म्हणून बावन्न हजारांचे ते छत्तीस हजारांना देणार होते. या खेपेस मी खोडलेल्या आकड्याकडे पाहिले नाही. माझ्या कागदाकडे पाहिले.

जेवणाऱ्या माणसाला टेबलाची दोन फूट कड लागते; म्हणजे सहा फुटांच्या कडेवर तिघे. खुर्ची मागे ओढायला तीन फूट हवेत. पण बाक भिंतीला लावला तर ती जागा एकाच बाजूला सोडावी लागते. आमची खोली दहा फूट बाय अकरा फूट. मी तीन वेळा आकडेमोड केली. चारांचाच हिशेब बसावा अशी माझी मनोमन इच्छा होती, हे कबूल करतो. परंतु गणिताने सौ.ची बाजू घेतली. सहा माणसे बसत होती. वाहतूक आणि जोडणी मिळून दीड हजार. एकूण साडेसदतीस हजार. पावतीची मागची बाजू मी सही करण्यापूर्वी उभ्याने वाचून काढली.

टेबल शुक्रवारी आले आणि पाय काढलेले असल्यामुळे जिन्याचे वळण सहज ओलांडून गेले. माणसे जोडणी करून गेल्यावर सौ.ने कपाटातून सहा ताटे काढली आणि एकेक करून मांडली : मुलगी, जावई, मुलगा, सून, आणि आम्ही दोघे. मुलगी पुण्याला, मुलगा परदेशी. ती टेबलाभोवती एक फेरी मारून आली, दोन ताटांमधले अंतर वितीने मोजले, एक ताट जरासे सरकवले. मग चार ताटे उचलून तिने पुन्हा कपाटात ठेवली आणि आम्ही दोघे जेवायला बसलो.

परवा माझी लेखणी टेबलाखाली घरंगळत गेली. ती घ्यायला वाकलो, तर फळीच्या खालच्या बाजूस खडूने काही लिहिलेले दिसले. अक्षर सौ.चे. 'नग १.' आमच्या मागच्या सातही बदल्यांत नग पहिला म्हणजे गोदरेजचे कपाट असे. निवृत्तीला आता वर्ष राहिले आहे. तो शेवटचा ट्रक पुण्याला जाईल, नागपूरला जाईल, की येथेच दुसऱ्या एखाद्या मोहल्ल्यात, हे आमचे अजून ठरलेले नाही. त्यात पहिल्याने काय चढवायचे, एवढे मात्र ठरले आहे.