टाकीपासून पंपापर्यंत

डोंगरवाटांसाठी बदलून घेतलेल्या जुन्या डिझेल जीपमध्ये इंजिनापेक्षा डिझेलची लाइन जास्त छळते. जुन्या सीजे जीपची मूळ टाकी ड्रायव्हरच्या सीटखाली असे. बदल करताना ती मागे जाते, लाइन लांबते, जोड वाढतात. इंजिन आणि इंजेक्शन पंप कारखान्यात तपासून आलेले असतात. ही लाइन मात्र गॅरेजमध्ये अंदाजाने ओढलेली असते. म्हणून चढावर गाडीचा दम तुटला, की शोध टाकीपासून सुरू करावा. पहिल्याच फटक्यात पंप खोलणे हा पैशांचा आणि पंपाचाही नाश आहे.

आधी धूर पाहावा. जोर लावताना काळा धूर येत असेल, तर डिझेल पोचते आहे आणि हवा कमी पडते आहे. तिथे एअर फिल्टर किंवा टर्बोचा पाइप तपासावा. रेस देऊनही इंजिन चढत नाही आणि धूरही येत नाही, तेव्हा डिझेल अडले आहे असे धरावे.

मग टाकीचे झाकण सैल करून गाडी चालवावी. तेवढ्याने सुधारली तर टाकीचा ब्रीदर तुंबला आहे. ओढे ओलांडणाऱ्या गाड्यांत त्यात चिखल बसतो, टाकीत हवा शिरत नाही आणि पंपाला डिझेल ओढता येत नाही. ब्रीदरची नळी पाण्याच्या पातळीच्या बरीच वर नेऊन तोंड खाली वळवावे.

सर्वांत फसवा दोष म्हणजे लाइनने एअर घेणे. टाकी ते तिच्यातून डिझेल ओढणारा फीड पंप या भागात ओढ असते, दाब नसतो. शहाळ्याच्या नळीला भोक पडले की पाण्याऐवजी हवा येते, तसेच इथे होते: चालत्या गाडीत डिझेल बाहेर गळत नाही, हवा आत शिरते. जोड कोरडा दिसतो आणि मेकॅनिक पुढे निघून जातो. खूण वेगळी आहे. रात्रभर उभी गाडी सकाळी खूप फिरवल्यावर सुरू होते, मग गचके देत चालते. फीड पंपाच्या अलीकडे पारदर्शक नळीचा वीतभर तुकडा जोडून इंजिन चालवावे. मोहरीएवढे बुडबुडे ओळीने सरकताना दिसले, की एकेक क्लिप, बँजो बोल्ट आणि तांब्याचे वायसर पाहावे. एकदा दाबलेले वायसर कडक होते, नवेच घालावे. पाण्याची रबरी नळी डिझेल लाइनला वापरली असेल तर तीही काढावी. डिझेलने ती आतून फुगते, मऊ पडून ओढीने चपटी होते, बाहेरून मात्र धडधाकट दिसते.

फक्त तीव्र चढावर किंवा आडव्या उतारावर इंजिन बंद पडत असेल, तर टाकीचा आकार तपासावा. आत आडवे पत्रे नसले की डिझेल एका बाजूला धावते आणि ओढनळीचे तोंड उघडे पडते. अशा टाकीत पाव भागापेक्षा कमी डिझेल ठेवून घाटात जाऊ नये.

पाणी डिझेलपेक्षा जड असल्याने फिल्टरच्या तळाशी साचते; पावसाळ्यात तळाचा स्क्रू ढिला करून ते वरचेवर काढावे. रोटरी पंपाला वंगण डिझेलचेच मिळते, त्यामुळे पाणी शिरणे किंवा कोरडे फिरणे त्याला मारक ठरते.

दुरुस्तीनंतर फिल्टरवरचा ब्लीड स्क्रू सैल करून हँड प्राइमर मारावा, फेस जाऊन सलग धार आल्यावर स्क्रू आवळावा. मग तेच पंपावर. कॉमन रेल इंजिनात मात्र उच्च दाबाचे नट चालू इंजिनावर कधीच सैल करू नयेत. तिथला दाब हजार बारपुढे जातो आणि बारीक धार कातडीत घुसते.

शेवटची परीक्षा सोपी आहे. बॉनेटपाशी उंचावर कॅन बांधून स्वच्छ नळीने थेट फीड पंपाला डिझेल द्यावे आणि त्याच चढावर गाडी घालावी. चढली, तर दोष मागच्या लाइनमध्ये आहे. नाही चढली, तर फीड पंप आणि फिल्टर पाहावेत, आणि तेही ठीक निघाले तरच इंजेक्शन पंप कॅलिब्रेशनला पाठवावा.