सात वर्षं आणि एक सुतार

मंडळी, एक प्रश्न. ज्या माणसाने १८०५ साली मराठीचं व्याकरण इंग्रजीतून लिहून छापलं आणि १८१० साली मराठी-इंग्रजी कोश काढला (तोही मोडी अक्षरांत!), तो महाराष्ट्रात कितीदा आला होता?

एकदाही नाही. विल्यम केरी. आयुष्याची शेवटची एकेचाळीस वर्षं त्याने बंगालमध्ये काढली आणि वैजनाथ पंडितांच्या मदतीने तिथे बसून मराठीचं काम केलं. हे सगळं छापलं सेरामपूरला, ज्याला आपल्याकडच्या जुन्या पुस्तकांत श्रीरामपूर म्हणतात. नगरकरांनी हुरळून जाऊ नये, हे ते श्रीरामपूर नव्हे. :-)

शाळेत केरी आपल्याला भेटतो तो एका ओळीत, 'मिशनऱ्यांचे कार्य' वगैरे. मोठी माणसं अशी एका ओळीत बसवली की फार यशस्वी दिसायला लागतात. म्हणून आज त्याच्या अपयशाबद्दल लिहितोय.

केरी इंग्लंडमधल्या खेड्यातला, धंद्याने चांभार. जून १७९३ मध्ये तो निघाला तेव्हा त्याची बायको डॉरोथी यायला तयार नव्हती. शेवटच्या क्षणी ती निघाली, तेही बहीण सोबत येणार या अटीवर. नोव्हेंबरात सगळे कलकत्त्याला पोहोचले. ईस्ट इंडिया कंपनीला मिशनरी नको होते, त्यामुळे परवाना नाही. बरोबर आलेला डॉक्टर जॉन थॉमस पैशाच्या बाबतीत दिव्य होता, त्यामुळे पैसेही नाहीत. मग मदनावतीच्या नीळ कारखान्यावर व्यवस्थापकाची नोकरी. १७९४ मध्ये पाच वर्षांचा मुलगा पीटर आजारपणात गेला. डॉरोथीचं मन तिथून जे ढळलं ते परत ठिकाणावर आलंच नाही. १८०७ मध्ये ती वारली, आणि त्याआधीची कित्येक वर्षं तिला खोलीत बंद ठेवावं लागत होतं. शेजारच्या खोलीत केरी भाषांतर करत बसलेला.

हा भाग चरित्रांमध्ये फार झटपट उरकलेला असतो. मला तो उरकता येत नाही. नवऱ्याच्या ध्येयाची किंमत या बाईने मोजली, आणि तिला कुणी नीट विचारलंही नव्हतं. केरीबद्दल आदर आहे, पण हे बाजूला ठेवून नाही.

तर या सगळ्या काळात त्याचं मूळ काम काय होतं? लोकांना येशूबद्दल सांगणं. किती जणांनी ऐकलं? ऐकलं बऱ्याच जणांनी. बाप्तिस्मा किती भारतीयांनी घेतला? शून्य. एक वर्ष, दोन वर्षं, अशी पूर्ण सात वर्षं शून्य. आपल्याकडे दोन क्वार्टर आकडे नाही आले तर प्रोजेक्ट गुंडाळतात!

जानेवारी १८०० मध्ये तो सेरामपूरला आला, कारण तिथे डेन्मार्कचं राज्य होतं आणि कंपनीचा हुकूम चालत नव्हता. त्याच वर्षी कृष्ण पाल नावाच्या सुताराचा हात खांद्यातून निखळला. डॉ. थॉमसने तो बसवला. बोलणं सुरू झालं आणि २८ डिसेंबर १८०० रोजी हुगळीच्या पाण्यात कृष्ण पालचा बाप्तिस्मा झाला. सात वर्षांनी एक माणूस. आणि त्या दिवशी थॉमस कुठे होता? आनंदाच्या भरात त्याला वेड लागलं होतं, त्यालाही कोंडून ठेवावं लागलं होतं. म्हणजे घाटावर उपासना चालू आणि घरात दोन माणसं कोंडलेली. सिनेमात दाखवलं तर आपण म्हणू, जरा अतीच झालं.

आता मी केरी का वाचत बसलो होतो ते सांगतो. मी ख्रिस्ती आहे, हे माझ्या आडनावावरून कळत नाही. नगर जिल्ह्यातल्या जुन्या मराठी ख्रिस्ती घरांपैकी आमचं एक. आजोबा पेटी घेऊन गावोगाव ख्रिस्ती कीर्तन करायचे. मला सूर नाही, म्हणून मी दर रविवारी संध्याकाळी माझ्या फ्लॅटवर शास्त्राभ्यास घेतो. मराठीतून, कुणालाही खुला. एक अध्याय वाचायचा, प्रश्न विचारायचे, प्रार्थना नको असेल त्याने चहा पिऊन निघायचं. सहा वर्षं झाली. सुरुवातीला अकरा जण होते. आता दोन, आणि त्यातला एक मीच.

परवा हापिसात एका मित्राने विचारलं, "काय रे, किती जण बाटवलेस?" तो हसत होता, पण त्या शब्दाला धार असतेच. त्यामागची भीती मला कळते. गरिबाला धान्य दाखवून किंवा आजाऱ्याला घाबरवून जे चालतं, त्याची मलाही किळस येते. पण चांगली मिसळ सापडली तरी आपण चार जणांना सांगितल्याशिवाय राहत नाही, आणि मला तर ज्याच्यामुळे जगणं सोसवतं ते सापडलंय. ते मी कुजबुजत सांगायचं? "एक जण," मी म्हणालो, "आणि तोही अजून कच्चाच आहे. रोज आरशात दिसतो." तो हसला. मला त्या रात्री झोप लागली नाही.

माणसं तरी कुठे भांडून गेली? कुणी बंगलोरला, कुणी ऑनसाईट, कुणाचं लग्न झालं. आमच्या पाळकांनी परवा हळूच सुचवलं की थोडे दिवस बंद ठेवलंस तरी चालेल. त्यांच्या मनात काळजी होती, आणि तीच जास्त लागली.

आणि मग केरीच्या गोष्टीतली आग. ११ मार्च १८१२ ची संध्याकाळ. सेरामपूरच्या छापखान्यात कागदाच्या साठ्याजवळ पेट घेतला. सुमारे दहा हजार पौंडांचं नुकसान. कित्येक लिप्यांचे खिळे वितळून त्यांचे गोळे झाले. पण पैशापेक्षा वाईट म्हणजे हस्तलिखितं गेली: व्याकरणं, भाषांतरं आणि संस्कृतसह अनेक भाषांचा मोठा कोश, ज्यावर केरीने वर्षानुवर्षं काम केलं होतं. बॅकअप नावाची गोष्टच नाही. केरी तेव्हा कलकत्त्यात होता, त्याला दुसऱ्या दिवशी कळलं.

छापयंत्रं वाचली होती, आणि ढिगाऱ्यात पोलादी ठसे शाबूत सापडले. ज्यांना काही कल्पना नाही त्यांच्यासाठी: आधी पोलादावर एकेक अक्षर उलटं कोरायचं, तो ठसा. तो तांब्यावर ठोकून साचा करायचा. साच्यात वितळलेला धातू ओतला की खिळा. ठसा म्हणजे आपला सोर्स कोड, खिळे म्हणजे बिल्ड. वितळलेला धातू गोळा करून त्यांनी पुन्हा खिळे ओतायला घेतले आणि काही आठवड्यांत छपाई सुरू झाली. विलायतेत बातमी पोहोचल्यावर दोन महिन्यांच्या आत नुकसानीएवढी वर्गणी जमली. हस्तलिखितांचं मात्र एकच करता येत होतं, पुन्हा लिहिणं. केरीने तेव्हा कळवलं होतं की वाट दुसऱ्यांदा चालताना सोपी जाते. तो मोठा कोश मात्र पुन्हा कधी झाला नाही. आणि सेरामपूरची बरीचशी भाषांतरं पुढच्यांना कच्ची वाटली, त्यांनी ती बदलली.

हे वाचून मला धीर आला असं म्हणता येईल का? पूर्ण नाही. सात वर्षांनंतर सुतार येतोच असं काही नाही. न येणाऱ्यांची चरित्रं कुणी लिहीत नाही, एवढंच.

माझ्याकडे उरलेला एक जण लातूरकडचा आहे, टेस्टर. ख्रिस्ती व्हायचा विचार नाही, असं त्याने पहिल्याच दिवशी सांगून टाकलंय. सध्या आम्ही ईयोब वाचतोय. धंद्याच्या सवयीने तो प्रत्येक ओळीत बग शोधतो. गेल्या रविवारी म्हणाला, "देवाने सैतानाला हो का म्हणायचं? त्या माणसाची मुलं मेली ना त्यात! शेवटी दुसरी मुलं दिली म्हणून हिशोब मिटतो का?" मला पीटर आठवला, आणि डॉरोथी. मी म्हटलं, मला माहीत नाही. आम्ही साडेदहापर्यंत बसलो, चहा दोनदा झाला. निघताना त्याने विचारलं, पुढच्या वेळी चौथा अध्याय ना?

पाळकांना आज फोन करून सांगितलं, चालू ठेवतोय.