विद्यावेतन आणि वचन

शालान्त परीक्षेचा निकाल लागला की काही दिवस आम्हां शिक्षकांना पालकांच्या प्रश्नांची उत्तरे द्यावी लागतात. कुणाची मुलगी परिचारिका होऊ इच्छिते, कुणाचा मुलगा शिक्षक. परंतु घरचा हिशेब जमत नाही. आम्ही फीसवलतींची माहिती देतो. गोवा शिक्षण विकास महामंडळाच्या बिनव्याजी कर्जाविषयी सांगतो. ही सोय मोलाची आहे, यात शंका नाही. तथापि एका मातेने आम्हांस जे ऐकविले, ते आमच्या मनातून जात नाही : "सर, फी माफ जाता, पूण पोट माफ जायना." वसतिगृह, बसभाडे, गणवेश, पुस्तके आणि तेवढी वर्षे घरी न येणारी कमाई, हे सारे त्या एका वाक्यात आले.

ही अडचण केवळ आपल्याकडचीच आहे असे नाही. इंग्लंडमध्ये परिचर्येचे शिक्षण घेणाऱ्यांना सरकार विद्यावेतन देत असे. २०१७ साली नव्या विद्यार्थ्यांसाठी ते बंद करून कर्जाची पद्धत आणली गेली. अर्ज घटले, त्यांतही वयाने मोठ्या उमेदवारांचे अधिक घटले. यात नवल ते काय? तेथे परिचारिकेला शिक्षणकाळात २३०० तास प्रात्यक्षिक प्रशिक्षणात घालवावे लागतात. मग पोटासाठी दुसरे काम करावयाचे केव्हा? अखेर २०२० पासून वर्षाला किमान ५००० पौंडांचे, परत न करावे लागणारे साहाय्य सरकारला सुरू करावे लागले.

यावर कुणी म्हणेल, सरकारी पैशाने शिकून मुले परदेशी निघून गेली तर? आक्षेप रास्त आहे. म्हणूनच साहाय्याच्या बदल्यात काही वर्षे गरजेच्या ठिकाणी सेवा करण्याचे वचन घ्यावे, आणि सेवेच्या प्रत्येक वर्षागणिक कर्जाचा काही भाग माफ करावा, असे आम्हांस वाटते. परंतु वचन दोन्ही बाजूंनी पाळले गेले पाहिजे. वडोदे संस्थानाचे उदाहरण पाहा. सयाजीराव महाराजांच्या संस्थानाने १९१३ साली तरुण भीमराव आंबेडकरांना अमेरिकेतील शिक्षणासाठी तीन वर्षे दरमहा साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती दिली आणि पुढे १० वर्षे संस्थानच्या सेवेचा करार करून घेतला. तो पाळण्यासाठी ते १९१७ साली वडोद्यास आले. पण अस्पृश्य म्हणून त्या शहरात त्यांना राहावयास जागा मिळेना. पारशी धर्मशाळेतूनही त्यांना बाहेर काढण्यात आले, आणि अखेर ते मुंबईस परतले. संस्थानाने द्रव्य दिले होते, विद्यार्थ्याने शब्द पाळला होता; निवारा मात्र कुणी दिला नाही.

आज आडगावच्या आरोग्यकेंद्रात वा शाळेत आपण तरुण मुलीला पाठवितो, तेव्हा तिला सुरक्षित निवास, वेळेवर वेतन आणि गावाचा आदर मिळणार आहे काय, हेही विचारले पाहिजे. ते नसेल तर करारपत्र हे निव्वळ बेडी ठरते.

विद्यार्थ्यांनो, साहाय्यासाठी अर्ज करण्यात कमीपणा मानू नका. तुमच्या शिक्षणाची गरज जितकी तुम्हांला आहे, तितकीच ती उद्याच्या रुग्णाला आणि उद्या शाळेत येणाऱ्या मुलालाही आहे. आणि पालकांनो, फीमाफीच्या पुढचा खर्च ग्रामसभेत आणि आमदारांपुढे स्पष्ट आकड्यांनिशी मांडा. तो मांडण्यास आम्ही शिक्षक तुमच्यासोबत येऊ.