परवानगी नाकारली!

लिनक्समध्ये सिरियल पोर्ट म्हणजेसुद्धा एक फाईलच. ती उघडायचा हक्क फक्त रूटला आणि 'डायलआउट' गटातल्या मंडळींना. (मोडेमवरून फोन लावायच्या काळातलं नाव, अजून तेच चालू आहे.) उबुंटूवर नवा वापरकर्ता सहसा या गटात नसतो. त्यामुळे आर्डुइनोवर प्रोग्राम चढवताना 'परमिशन डिनाइड' असं उत्तर येतं. माझ्या नातवाला वाटलं, खाऊचे पैसे साठवून घेतलेलं कार्डच बिघडलं. रडवेला झाला हो पोरगा! कार्ड मात्र धडधाकट होतं.

एका परिचितांनी 'सीएचमॉड ६६६' सुचवलं. चालतं ते, पण केबल काढून परत लावली की फाईल नव्याने तयार होते आणि हक्क पुन्हा पहिल्यासारखे. सगळंच रूट म्हणून चालवणं तर मला मुळीच पटत नाही. एका कपाटासाठी अख्ख्या शाळेच्या किल्ल्या कशाला द्यायच्या?

'सुडो यूजरमॉड -एजी डायलआउट' आणि पुढे आपलं युजरनेम, एवढंच पुरतं. मग लॉगआउट करून पुन्हा लॉगइन करायचं, कारण गटांची यादी लॉगइनच्या वेळीच वाचली जाते. नातवाने आधी तीच आज्ञा चारदा दिली, फरक शून्य! बाहेर पडून आत आला, तेव्हा कुठे कार्डावरचा दिवा लुकलुकला.

आणि हो, आज्ञेतला 'ए' लहान, 'जी' मोठा. तो 'ए' गाळू नका हं, नाहीतर बाकीच्या गटांतून, अगदी सुडोच्याही, नाव उडतं.