शिक्के संपल्यावर नियमाचं काय?



मुलांना वळण लावायचं म्हटलं की आपल्याकडे दोनच उपाय, बक्षीस नाहीतर ओरडा. सूनबाई सध्या मानसशास्त्राचं एक पुस्तक वाचते आहे. तिचं झालं की दुपारी मी वाचते.

अमेरिकेतले बी. एफ. स्किनर (१९०४-१९९०) यांनी पेटीत उंदीर ठेवला. दांडी दाबली की खाऊची गोळी मिळायची, म्हणून तो पुन्हा पुन्हा दांडी दाबू लागला. वागण्यापाठोपाठ हवंसं काही घडलं की ते वागणं वाढतं. याला म्हणतात प्रबलन.

त्याचे प्रकार दोन, धन आणि ऋण. ऋण म्हणजे शिक्षा, असं बऱ्याच जणींना वाटतं. मी बी.कॉम. झालेली, म्हणून हिशेबाच्या वहीवरून सांगते. जमा आणि नावे या नुसत्या दोन बाजू, त्यातली एक चांगली आणि दुसरी वाईट असं नसतं. तसंच इथे आहे. धन म्हणजे हवंसं मिळालं, ऋण म्हणजे नकोसं टळलं. दोन्हींनी वागणं वाढतंच. कमी होतं ते शिक्षेनं.

महाद्वार रोडवर खेळण्यासाठी पोर भोकाड पसरतं आणि आई वैतागून घेऊन देते. पोराला खेळणं मिळालं, हे धन. आईची कटकट थांबली, हे ऋण. पोर रडायला शिकलं आणि आई नमायला! कधी द्यायचं, कधी नाही, असं केलं तर सवय आणखी चिवट होते. देणं अगदी बंद केलं तर रडणं बहुधा आधी वाढतं, मग ओसरतं. ते वाढतं तिथेच आपण हार मानतो.

आता आपल्या घरातलं. चातुर्मासात नातवाला पाठशाळेतून कार्ड मिळालं होतं. सूर्यास्ताआधी जेवलं की एक शिक्का. आषाढात सूर्य सातनंतर मावळतो, तेव्हा सोपं गेलं. दिवाळीच्या सुमारास तो सहाच्या आसपास मावळायला लागला, खेळ अर्धा टाकून यायची वेळ आली आणि कार्डही भरलं. नातू म्हणाला, "आज्जी, आता शिक्का नाही, मग रात्री जेवलं तर चालतंय की!"

त्याचं काय चुकलं? त्याच्या हिशेबानं नियम शिक्क्यासाठीच होता. अमेरिकेत १९७३ साली लेपर, ग्रीन आणि निस्बेट यांचा एक प्रयोग प्रसिद्ध झाला. चित्रं काढायची आवड असलेल्या बालवाडीतल्या काही मुलांना आधीच बक्षीस कबूल केलं. पुढे ती मुलं आपणहून कमी चित्रं काढू लागली. ज्यांना न सांगता बक्षीस दिलं, त्यांची आवड मात्र टिकली.

आपल्या शास्त्रात व्रती निःशल्य असावा असं सांगितलंय. माया, मिथ्यात्व आणि निदान ही तीन शल्यं. निदान म्हणजे व्रताच्या बदल्यात भोगाची इच्छा धरणं. आठ वर्षांच्या पोराला कुणी व्रती म्हणणार नाही, पण काटा रुतायला वय लागत नाही.

म्हणून बक्षीस बंदच करा, असं मी म्हणत नाही. बोट धरून लेकरू चालायला शिकतं, पण बोट केव्हा सोडायचं ते आईला कळावं लागतं. आम्ही नवीन कार्ड आणलं नाही. मुलगा दुकानातून लवकर येऊ लागला आणि सगळे एकत्र जेवायला बसू लागलो. नातवानं अंगणातल्या दिव्याभोवतीचे किडे बघितले, त्यावर प्रश्न विचारले. जेवणानंतर आजोबांची गोष्ट असते, पण तिची लालूच दाखवत नाही. आठवड्यातले चार-पाच दिवस तो आपणहून येतो. उरलेल्या दिवशी हाक मारावी लागते, तर मारते.

तुमच्याकडची कार्डं भरत आली असतील, तर पुढचं बक्षीस आणण्याआधी लेकराला एकदा विचारा, हा नियम कशासाठी रे? उत्तर ऐकून मग ठरवा.