वजन वाढलं, तरी धाव वाढली!

एलसी३ पाहिलंय का तुम्ही कधी? मी पाहिलं! पेशीत चमकणारे त्याचे हिरवे ठिपके सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले होते, पण शुद्ध प्रथिन म्हणून, ट्यूबच्या तळाशी, पाण्याच्या थेंबासारखं? पहिल्यांदाच! कोरड्या बर्फातून आलेली इवलीशी ट्यूब. उणे ८०च्या फ्रीजरमधून काढली, बर्फावर वितळू दिली आणि लगेच थोडं थोडं वेगळ्या ट्यूबांत भरून ठेवलं. सारखं गोठवलं-वितळवलं की प्रथिन खराब होतं.

एवढा आटापिटा कशाला? कारण उपाशी पेशी स्वतःचंच सामान मोडून खाते, त्या ऑटोफॅजीचा हा हुकमी गडी आहे. थकलेले मायटोकॉन्ड्रिया, नको असलेली प्रथिनं, सगळं दुहेरी पटलाच्या पिशवीत गुंडाळलं जातं आणि लायसोसोममध्ये पचतं. त्यासाठी लागणारी जनुकं योशिनोरी ओसुमींनी यीस्टमध्ये हुडकली आणि २०१६चं नोबेल मिळवलं. यीस्टमधलं एटीजी८ आणि आपलं एलसी३ एकाच कुळातले, हे २००० साली दिसून आलं.

आणि या कुळाची करामत ऐका! एलसी३ चक्क मेदाच्या रेणूला जाऊन चिकटतं आणि त्या पिशवीच्या पटलात रुतून बसतं! मूळ प्रथिन १२५ अमिनो आम्लांचं. एटीजी४ नावाची कात्री त्याच्या टोकाची पाच छाटते, ग्लायसीन उघडं पडतं, ते एटीजी७ पकडतं, एटीजी३कडे सोपवतं आणि तिथून ते फॉस्फॅटिडिलइथेनॉलअमीन या मेदाला जोडलं जातं. रिले शर्यतच ती!

माझ्या ट्यूबमधलं एलसी३ आधीच छाटलेलं, ई. कोलायमध्ये बनवलेलं. ज्या जीवाणूला ऑटोफॅजी ठाऊकच नाही, त्याने हे बनवून दिलं! त्यात एटीजी७, एटीजी३, मॅग्नेशियम, एटीपी आणि त्या मेदाचे सूक्ष्म फुगे, म्हणजे लायपोसोम. सगळं एकत्र करून ३७ अंशांवर ठेवलं. शेजारी दुसरी ट्यूब, सगळं तेच, फक्त एटीपी नाही. मग जेल चालवलं, निळा रंग दिला, जास्तीचा धुऊन काढला... आणि अहाहा! एटीपी नसलेल्या रांगेत एलसी३ची एकच पट्टी. एटीपी असलेल्या रांगेत तिच्याखाली आणखी एक, नाजूक पण ठसठशीत!

गंमत बघा, मेद जोडल्यावर प्रथिन जड होतं, मग ते वर राहायला हवं ना? पण ते खाली धावतं! पाणी नकोसं असलेल्या त्या मेदशेपटीमुळे जेलमध्ये त्याची चालच बदलते. पुस्तकात हे वाचलं होतं, तरी डोळ्यांसमोर पाहिल्यावर मी सगळ्या लॅबला बोलावून आणलं!

पेशी नाही, केंद्रक नाही, उपासमार नाही, तरी ऑटोफॅजीची कळीची पायरी ट्यूबमध्ये घडते! आणि पेशीत जे इतकं सोपं नसतं, ते इथे सहज जमतं: एकेक घटक काढून बघायचा. एटीजी३ला खूप वाकलेली पटलं आवडतात म्हणे. म्हणजे लहान लायपोसोममध्ये खालची पट्टी गडद, मोठ्यांत फिकी दिसायला हवी. फुगे गाळायची जाळी धुऊन तयार आहे, उद्याच लावते!