खांब कुणाचा?

मंडळी, या शनिवारचा विषय जरा रूक्ष आहे. रस्त्यावरचा दिव्याचा खांब.

५जी आपल्याकडे ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू झालं. त्यातल्या वरच्या लहरी फार लांब जात नाहीत, भिंतीलाही अडतात. एका उंच टॉवरवर भागत नाही म्हणून गर्दीच्या भागात खोक्याएवढे छोटे अँटेना थोड्या थोड्या अंतरावर टांगतात. त्यांना स्मॉल सेल म्हणतात. टांगणार कुठे? दिव्याचा खांब, सिग्नल, बसथांबा. म्हणजे बऱ्याचदा पालिकेच्याच वस्तूंवर.

पण भाडं पालिकेनं ठरवायचं नाही! ऑगस्ट २०२२ मध्ये केंद्राने नियम बदलून दरच बांधून दिला: खांबामागे वर्षाला शहरात ३०० रुपये, खेड्यात १५०. अमेरिकेतही २०१८ साली एफसीसीने असाच आकडा काढला होता, वर्षाला २७० डॉलर. तिथे जादा मागायचं तर शहराने आधी आपला खर्च दाखवायचा. शहरं कोर्टात गेली आणि २०२० मध्ये दराच्या मुद्द्यावर हरली. (३०० आणि २७०, आकडे शेजारी शेजारी. चलन तेवढं वेगळं!)

टॉवरच्या घरपट्टीचंही तेच. डिसेंबर २०१६ मध्ये सुप्रीम कोर्टाने मोबाईल टॉवरवर मालमत्ता कर लावता येतो असं म्हटलं. २०२३ च्या दूरसंचार कायद्याने मात्र सांगितलं की जागेवर बसवलेलं दूरसंचार जाळं करासाठी त्या जागेचा भाग धरायचं नाही.

खरं सांगू? स्वस्त दराबद्दल माझी तक्रार नाही. गावोगावी वेगळा दर आणि वेगळी अडवणूक यापेक्षा हे बरं. मला खटकते ती मुदतीची गोष्ट. २०१६ च्या नियमांत अर्जावर ६० दिवसांत निर्णय झाला नाही तर परवानगी मिळाली असं धरायचं होतं. आता ज्या कार्यालयाकडे खांबांची धड यादीच नाही, ते ६० दिवसांत काय तपासणार? कुठला खांब गंजलाय, कुणावर आधीच किती ओझं आहे, कशाचा पत्ता नाही. आमच्या धंद्यात याला डेटाबेस म्हणतात. पालिकेत एक जाड रजिस्टर असलं तरी चालेल की!

आपल्या सोलापुरात वर बघायची सवय वर्षातून एकदा असते. जानेवारीत गड्ड्याच्या वेळी पांढऱ्या बाराबंदीतले भक्त सिद्धेश्वरांचे सात नंदीध्वज पेलत निघतात. काठी चांगली दुमजली घराएवढी उंच. तिच्या वाटेवर लोंबती वायर चालत नाही, मग कुठली केबल कुणाची, कुठली मेलेली, याची चौकशी होते. अक्षता सोहळा झाला, यात्रा संपली, की पुन्हा बोंबला. आणि विजापूर रोड, होटगी रोडकडे तर काठ्या जातच नाहीत.

तेव्हा मागणी एवढीच. भाडं तीनशेच घ्या, पण खांबाला नंबर द्या, आणि पेटीवर मालकाचं नाव, बसवल्याची तारीख, तक्रारीचा फोन. किती उंचीवर बसवायची आणि पदपथ किती मोकळा ठेवायचा, हेही अर्ज येण्याआधी लिहून ठेवा.

आमच्या गल्लीच्या तोंडाशी खांबावर केबलची तीन वेटोळी आणि एक करडी पेटी आहे. ना नाव, ना नंबर. सोमवारी अर्ध्या दिवसाची रजा टाकून विचारायला जातोय. उत्तर मिळालं तर पुढच्या शनिवारी लिहीन.